डब्यावरची विधवा

झुल्मिराचा नवरा अबीलियो जिवंत होता, धडधाकट होता, आणि रोज दुपारी जेवण झालं की चर्चमागच्या कॅफेत पत्ते कुटायला जात होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्याच्या मरणावर लोक डोळे पुसणार आहेत, परदेशातली माणसं हळहळणार आहेत, आणि ऐकणाऱ्याची गफलत व्हायला नको.

पोर्तो शहराला लागून असलेल्या मातोझिन्योश बंदरातल्या कोळ्यांच्या गल्लीत झुल्मिरा लहानाची मोठी झाली. शाळा सुटली तसं आईनं तिला सेर्पांच्या मासे डबाबंद करायच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. त्या काळी बोटी धक्क्याला लागल्या की कारखान्यांचे भोंगे व्हायचे. प्रत्येकाचा आवाज निराळा. सेर्पांचा भोंगा म्हाताऱ्या गाईसारखा हंबरायचा, आणि तो ऐकला की बायका अर्धी वेणी तशीच टाकून, चुलीवरचं सूप पोरींच्या हवाली करून पळत सुटायच्या. तारल्यांची डोकी उडवायची, पोट साफ करायचं, जाळीवर मांडून वाफवायच्या, मग डब्यात एकीचं डोकं एकीचं शेपूट अशा निजवायच्या, शेपटाचं टोक कात्रीनं छाटायचं. वरून ऑलिव्हचं तेल आणि झाकण. हे काम तिनं सबंध आयुष्य केलं.

तिचे हात चपळ होते, पण जीभ त्याहून. भरणीच्या टेबलावर झुल्मिरा असली की रेडिओ लावायची गरज नसे. कुणाची सून कशी, कोण कुणाबरोबर फ्रान्सला पळालं, पाद्रीबाबा चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत कसे घोरले, सगळं नकलेसकट. ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी आणायचं आणि त्याच दमात तिला हसवायचं, ही तिची हातोटी. ‘हिच्या तोंडी मेलेला मासासुद्धा गाणं म्हणेल,’ असं बायका म्हणायच्या, आणि झुल्मिराला ते मनापासून आवडायचं.

तरुणपणी एकाच गोष्टीनं तिची मान खाली जायची. पोर्तोच्या बसमध्ये चढलं की बाजूची माणसं उठून दुसरीकडे बसायची. अंगाला येणारा तो वास किती घासला तरी जात नसे. एकदा एका बाईनं नाकाला रुमाल लावला, तेव्हा बसचा ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, “बाई, बस मातोझिन्योशची आहे. गुलाबाची बाग पाहिजे तर पुढच्या गाडीनं या.” तोच अबीलियो. दर्याशी त्याचा संबंध ताटातल्या माशापुरता. पुलावरून पाणी पाहिलं तरी त्याला मळमळायचं.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, एर्मिंदा राहायची. दोघी एकाच वर्षी कारखान्यात लागलेल्या, एकमेकींच्या लग्नात नाचलेल्या. एर्मिंदाचा नवरा लाउरिंदो खरा कोळी. एका हिवाळ्यात बंदराच्या तोंडाशीच त्याची बोट उलटली. घरं दिसत होती, घरांतले दिवे दिसत होते, आणि माणसं बुडाली. बाकीच्यांची प्रेतं लागली, लाउरिंदोचं लागलं नाही. एर्मिंदानं त्यानंतर मासा ना खाल्ला, ना हातात धरला. कारखाना सोडून शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, आणि लाउरिंदोबद्दल कुणाशी बोलेनाशी झाली. बोलली ती एकदाच, झुल्मिराशी. काय बोलली ते पुढे येईलच. जगभर झालं ते.

वर्षं गेली. मातोझिन्योशमधले कारखाने एकेक करून मिटले. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. सेर्पांचा तेवढा कसाबसा उरला. त्यांचा पिवळा डबा म्हणजे वसतिगृहातल्या पोरांचं, गवंड्यांचं, महिनाअखेरीचं जेवण. दुकानात तो सगळ्यात खालच्या फळीवर असायचा. त्याहून स्वस्त मोरोक्कोचा डबा आला तेव्हा म्हाताऱ्या सेर्पांनी बायकांना बोलावून सांगितलं, “हा हिवाळा निघेल. पुढचं मला दिसत नाही.”

पुढचं दिसलं ते त्यांच्या सुनेला. बेनेदिता लिस्बनमध्ये जाहिरातींचं शिकून आलेली, हुशार, आणि मनानं वाईट मुळीच नव्हती. ती भरणीच्या हॉलमध्ये आली, बायकांबरोबर मक्याचा पाव खाल्ला आणि म्हणाली, “मासा आपला उत्तम आहे. पण मासा सगळ्यांकडेच आहे. लोक माशाला पैसे देत नाहीत, मावशी. गोष्टीला देतात. मला इथल्या गोष्टी सांगा.”

सगळ्या बायकांची बोटं झुल्मिराकडे वळली.

झुल्मिरा तीन दुपारी बोलत होती. बेनेदिता समोर बसून, हनुवटीला हात लावून ऐकत होती. असं कान देऊन ऐकणारं माणूस झुल्मिराला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. भोंग्याच्या गोष्टी झाल्या, बसमधल्या वासाची झाली, पाद्रीबाबाही झाले. बेनेदिता हसली, पण लिहून काही घेईना. ते पाहून झुल्मिराला चुटपूट लागली. आणि मग, निव्वळ त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून, तिनं एर्मिंदाची गोष्ट काढली.

नवरा बुडाल्यावर वर्षभर एर्मिंदा रात्री दोन ताटल्या मांडायची. दोन्हींत कोबीचं सूप वाढायची. आपलं खाऊन झालं की त्याच्या ताटलीतलं गार झालेलं सूप परत भांड्यात ओतायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच गरम करायची. हे तिनं मुलांनासुद्धा सांगितलं नव्हतं; पोरं झोपल्यावरच मांडायची ती. झुल्मिराला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात कांदे चिरता चिरता, मान वर न करता.

बेनेदिताचा पेन भरभर चालू लागला. डोळे ओले झाले होते. झुल्मिराला वाटलं, जिंकलं आपण.

मग फोटोवाला आला. काळी शाल आणली होती. “तुमच्या चेहऱ्यात दर्या आहे, मावशी,” तो म्हणाला. घरी येऊन झुल्मिरानं आरशात दर्या शोधला. अबीलियो म्हणाला, “दर्या नाही, पण लाटा पुष्कळ पडल्यात.” ती हसली, आणि सुखावलीही.

नवा माल आला तेव्हा बायका टेबलाभोवती गोळा झाल्या. डबा तोच. आत मासे तेच, तेल तेच, हात त्याच बायकांचे. पण वर जाड, खरखरीत निळा कागद, त्यावर शालीतली झुल्मिरा, खाली नाव: ‘एश्पेरा’, म्हणजे वाट पाहणं. आणि कागदाच्या मागे बारीक अक्षरांत गोष्ट. झुल्मिरानं चष्मा लावला. *झुल्मिराचा नवरा एका रात्री दर्यावर गेला तो परतला नाही. आजही ती रोज संध्याकाळी दोन ताटल्या मांडते. एक खिडकीत, त्याच्यासाठी. आणि दिवसा, ज्या दर्यानं तिचा माणूस नेला त्याचेच मासे ती स्वतःच्या हातानं तुमच्यासाठी भरते.*

सगळ्यांना अबीलियो ठाऊक होता. निम्म्या जणी त्याच्या बसमधून शाळेत गेलेल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, “कागद छान आहे हो.”

झुल्मिरा बेनेदिताच्या खोलीत गेली. “बाईसाहेब, माझा नवरा घरी आहे.”

“माहीत आहे मला, मावशी.” बेनेदितानं तिचे दोन्ही हात धरले. “ती तुम्ही नाही हो. ती इथली बाई आहे, सगळ्यांची मिळून एक. तुमचा चेहरा, दुसरीचं दुःख, तिसरीचे हात. नाव तुमचं घातलं, कारण ते कानाला गोड लागतं. आणि मातोझिन्योशमध्ये हा डबा कोण घेणार आहे? हा बाहेरच्यांसाठी. हा विकला गेला तर हॉलमधल्या एकीलाही घरी बसावं लागणार नाही.”

शेवटचं वाक्य खरं होतं. झुल्मिरा त्या वाक्याला धरून खोलीबाहेर आली आणि पुढे कित्येक महिने त्यालाच धरून राहिली. पण मनाच्या तळाशी तिला दुसरंही ठाऊक होतं. पोर्तोच्या नव्या दुकानात तिचं चित्र दाराएवढं लावणार होते, आणि ते तिला बघायचं होतं.

दुकान नदीजवळच्या उतारावर होतं. जुन्या औषधाच्या दुकानासारखी लाकडी कपाटं, पिवळा मंद उजेड, आणि एकेका डब्याला एकेक कोनाडा, जणू संतांच्या मूर्तीच. पिवळ्या डब्याच्या पाचपट किंमत. शनिवारी झुल्मिरा शाल पांघरून खिडकीपाशी बसायची आणि डब्यांना कागद गुंडाळायची. परदेशी माणसं फोटो काढायची, ती मान हलवायची. तिला बोलावं लागत नव्हतं तोवर ठीक होतं.

एक दिवस ब्राझीलची एक बाई आली. भाषा एकच, त्यामुळे आडपडदा राहिला नाही. कागद उलटा करून तिनं तिथंच गोष्ट वाचली, आणि झुल्मिराच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “यातले हे तुमचेच यजमान का हो?”

नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. मागे काउंटरवर बेनेदिता उभी होती, दुकान माणसांनी भरलेलं होतं, त्या बाईचे डोळे भरलेले होते. झुल्मिरा म्हणाली, “हो.”

आणि मग जीभ सुटली. त्याची शीळ कशी कोपऱ्यावरूनच ऐकू यायची, जाताना तो उंबऱ्यावर कसा थांबला, ती धक्क्यावर कशी उभी राहिली, दिवे कसे दिसत होते. लाउरिंदोची शीळ ती. लाउरिंदोचा उंबरा. बोलता बोलता तिला खरोखर रडू फुटलं. ब्राझीलची बाई तिच्या गळ्यात पडून रडली आणि मोठी पिशवी भरून डबे घेऊन गेली. त्यानंतर दर शनिवारी झुल्मिरा गोष्ट सांगू लागली, आणि दर वेळी ती थोडी सुधारत गेली.

घरी आल्यावर अबीलियो विचारायचा, “काय गं, आज किती जणांनी तुझा मुका घेतला?” ती म्हणायची, “दमलेय रे.” आणि त्याच्या ताटलीत सूप वाढलं की लगेच पाठ फिरवायची.

अबीलियोला कळलं ते कॅफेत. कुणाच्यातरी जावयानं तो निळा डबा आणला होता. अबीलियो आत शिरला तसे सगळे पत्तेवाले उठून उभे राहिले, टोप्या काढल्या. “या, स्वर्गवासी, या! वरती पत्ते मिळत नाहीत वाटतं?” एकानं मेणबत्ती लावली. अबीलियो सगळ्यांत मोठ्यानं हसला. घरी येईपर्यंत हसू टिकलं असावं, कारण दारातूनच तो म्हणाला, “मला मारलंस ते समजू शकतो, चाळीस वर्षांचा संसार आहे. पण बोटीवर कशाला चढवलंस गं? बसखाली तरी घालायचं!”

झुल्मिरा हसली नाही. तेव्हा तो खुर्चीत बसला. “ती ताटल्यांची गोष्ट कुणाची?”

तिनं सांगितलं.

अबीलियोनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले. “एर्मिंदाला ठाऊक आहे?”

“नाही.”

“तिनं तुला सांगितलं. तू मला नाही सांगितलंस कधी. इतकी वर्षं पोटात ठेवलंस, म्हणून मी तुला मानलं असतं. आणि विकलंस कुणाला, तर वाटसरूंना.”

“विकलं नाही मी. नुसतं बोलले.”

“तुझ्या तोंडचं बोलणं आहे ते, झुल्मिरा. ते नुसतं कधीच नसतं.”

तो तिला पुढे एकही शब्द लावून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तिनं ठरवलं, उद्या जाऊन एर्मिंदाला सगळं सांगायचं. उद्या गेला, परवा गेला. दोघींच्या परड्यांमध्ये कमरेएवढीच भिंत होती. एर्मिंदा कपडे वाळत घालायला आली की झुल्मिरा आत सरायची.

शेवटी एर्मिंदाच आली. भाची पॅरिसहून सुटीला आली होती. तिनं तो निळा डबा कौतुकानं आणला होता, ‘मावशी, तिकडच्या मोठ्या दुकानात आपल्या गावचा डबा! आणि ही तुझी मैत्रीण!’ एर्मिंदानं डबा झुल्मिराच्या टेबलावर ठेवला. कागद नीट घडी घालून हातात होता. ती बसली. सकाळची वेळ होती, शेगडीवर बटाटे उकळत होते.

“खिडकीत का लिहिलंय?” एर्मिंदानं विचारलं.

“काय?”

“ताटली. खिडकीत ठेवते म्हणे. खिडकीत कशाला ठेवेन मी? मांजरं येतात.”

झुल्मिरानं टेबलावरचा डबा आपल्याकडे ओढला.

“टेबलावर ठेवायचे मी. तो बसायचा तिथं. तुला सांगितलं होतं.”

“ते बेनेदिताबाईंनी लिहिलं. मी... मी खिडकी नव्हती सांगितली.”

“बरं.” एर्मिंदानं कागद उघडला, पुन्हा मिटला. “आणि तू तिथं जाऊन रडतेस, असं भाची म्हणाली. कुणीतरी फोनवर दाखवलं तिला. शीळ पण वाजवून दाखवलीस.”

“एर्मिंदा, कारखाना बंद पडत होता गं. साऱ्या जणी...”

“मला येऊन विचारायचं होतंस.”

“तू हो म्हणाली असतीस?”

“नसते म्हणाले. म्हणूनच विचारलं नाहीस.” ती उठली. दाराशी थांबली. “मला शोधून शोधून त्याचं नाव सापडलं नाही यात. सगळं घेतलंस, झुल्मिरा. त्याचं नाव तेवढं टाकून दिलंस. माझ्या माणसाला कबर नाही. निदान डब्यावर तरी लिहायचं होतं.”

ती गेली. बटाट्यांचं पाणी उतू जाऊन गॅस विझला तरी झुल्मिरा तशीच बसून होती. भर दिवसा तिला वाटत होतं की आपल्याला कुणी पाहू नये. खिडकीतल्या फुलझाडानंही पाहू नये.

ती बेनेदिताकडे गेली. गोष्ट काढा म्हणाली. बेनेदिता गोरीमोरी झाली, तिला खरंच वाईट वाटलं. पण नाताळचा माल छापून तयार होता, पॅरिसला जायचा होता. “नाताळ होऊ द्या, मावशी. मग बघू.”

झुल्मिरानं नाताळची वाट पाहिली नाही. त्या शनिवारी ती दुकानात गेली, शाल घेतली नाही. लिस्बनचं एक जोडपं डबे निवडत होतं. बाईनं हळुवारपणे विचारलं, “या तुम्हीच ना?” झुल्मिरा म्हणाली, “चेहरा माझा आहे. बाकी माझं नाही. माझा नवरा घरी आहे, बसचा ड्रायव्हर होता. ज्याचं हे मरण आहे त्या माणसाचं नाव लाउरिंदो. त्याच्या बायकोला न विचारता मी ते सांगितलं.” त्या बाईनं हातातले डबे एकेक करून कोनाड्यात परत ठेवले, अगदी काळजीपूर्वक, आणि नवऱ्याला म्हणाली, “चल.”

गोष्ट वणव्यासारखी पसरली. वर्तमानपत्रात एक कोपरा आला, ‘जिवंत नवऱ्याची विधवा’. पॅरिसच्या दुकानानं माल परत पाठवला. भरणीच्या हॉलमध्ये झुल्मिरा आली की टेबलावरची बडबड थांबायची. एक तरुण बाई, जिची दोन पोरं शाळेत होती, तोंडावर म्हणाली, “तुझ्या जिभेनं आम्हाला वर चढवलं आणि तुझ्या जिभेनंच खाली पाडलं. मधल्या काळात गप्प बसायला काय झालं होतं?” झुल्मिरानं मान खाली घालून शेपटं छाटली.

माल पडून राहिला. बेनेदितानं बायकांना बसवून निळे कागद सोलायला लावले. झुल्मिरानं स्वतःचा चेहरा दिवसभर फाडून टोपलीत टाकला. नवा कागद करायला ना वेळ होता ना पैसा. बेनेदिताच्या ओळखीच्या एका चित्रकारानं घाईघाईत लाल-पिवळे पट्टे आणि एक डोळे मिचकावणारी तारली काढून दिली. गोष्ट नाही, विधवा नाही, एक अक्षर जास्त नाही. किंमत तीच ठेवली.

आणि तो डबा खपला. निळ्यापेक्षा जास्त खपला. उन्हाळ्यात पोर्तोच्या दुकानाबाहेर रांग लागली. पॅरिसवाले स्वतः फोन करून पुन्हा माल मागू लागले. कारखान्यात दोन नवी टेबलं टाकली. झुल्मिराशी बायका पुन्हा बोलू लागल्या, तिला क्षमा केली, ‘जे झालं ते बऱ्यासाठीच’ म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं, झुल्मिराचं नाही. एका हसऱ्या माशानं जे काम झालं असतं त्यासाठी तिनं एर्मिंदाची ताटली बाजारात मांडली होती. इतके दिवस ‘सगळ्यांच्या पोटासाठी केलं’ हा एक पदर अंगावर होता, तोही गेला.

ती एर्मिंदाकडे गेली, माफी मागितली. नकला नाहीत, रडणं नाही. चारच शब्द, तेही अडखळत. एर्मिंदा म्हणाली, “बस. कॉफी घेशील?” कॉफी दिली. त्या दिवसापासून दोघी पूर्वीसारख्या भिंतीवरून बोलू लागल्या. कोबीला कीड लागली, नळाला पाणी नाही, नातवाचे दात आले. अबीलियो आजारी पडला तेव्हा एर्मिंदानं दोन आठवडे सूप पाठवलं. दिसायला काही बिघडलेलं नव्हतं.

वसंतातल्या एका सकाळी झुल्मिरा धुण्याच्या सार्वजनिक टाकीवर गालिचा घेऊन गेली. चार-पाच बायका होत्या, मध्ये एर्मिंदा. ती हात उडवून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसून वाकल्या होत्या. झुल्मिराच्या कानावर आलं, “...आणि लाउरिंदो म्हणतो कसा, अगं, शर्ट उलटा नाही, मीच उलटा...” एर्मिंदाची नजर वर गेली. झुल्मिरा दिसली.

“ये गं,” ती म्हणाली, आणि टाकीवरची आपली बादली सरकवून जागा करून दिली. “कांदा काय महाग झालाय बघ.”

“हो ना,” झुल्मिरा म्हणाली. तिनं गालिचा पाण्यात सोडला आणि ब्रश हातात घेतला. मग सगळ्या कांद्याबद्दल बोलत राहिल्या.